चार वीस

सहाशे बाराव्या किलोमीटरला
लानवेर्न गावाचा हॉल लागतो.
दारावर पाटी: बिंगो, दर बुधवारी, सात वाजता.
तिच्याखाली पुठ्ठा, मार्करनं लिहिलेला:
सायकली भिंतीला. माणसं आत.

मी आत शिरलो तेव्हा रात्रीचे पावणेतीन.
बूट निघेनात.
बोटं इतकी बधिर की पट्टासुद्धा कुलूप वाटावा.
टेगवेन समोर गुडघ्यांवर बसली.
मेंढ्या आहेत तिच्या, खूर तपासायची सवय;
माझा पाय तिनं तसाच उचलला,
बूट ओढला, मोजा पिळला,
आणि एक शब्द बोलली नाही.
बरं झालं.
तेव्हा कुणी शाबास म्हणालं असतं
तर मी रडलोच असतो.

स्वयंपाकघराच्या खिडकीत
ईवोर, निवृत्त पोस्टमन,
वाफेनं चष्मा आंधळा झालेला,
वासावरूनच डाव भरायचा:
मसूर की बटाटा, की खीर.
कुणी तिन्ही मागितलं तर तिन्ही,
एकाच ताटलीत मागितलं तर तसंही.
"पत्त्यावर पोचवणं माझं काम," म्हणाला,
"आत काय आहे ते मी कधीच विचारलं नाही."

झोपायची सोय स्टेजवर.
शाळेच्या नाटकातला रंगवलेला किल्ला मागे,
पुढे ज्युदो क्लबच्या उसन्या गाद्या,
आणि त्यावर चिखलानं माखलेले सरदार,
तोंडं उघडी.
पहाऱ्याला गुइलिम. वय सोळा.
हातात वही, गळ्यात टॉर्च.
कितीला उठवू? त्यानं कुजबुजत विचारलं.
चार वीस, मी म्हणालो.
त्यानं चिकटपट्टीवर वेळ लिहून गादीला लावली.
हाका मारायच्या नाहीत, शेजारचा जागा होतो.
आधी खांद्याला हात. मग नाव.
मग पुन्हा नाव.
मग चहा, नाकाजवळ.

चार वीसला खांद्याला हात लागला.
एकोणीसला नाही, एकवीसला नाही.
मी ती पट्टी सोलून हेल्मेटच्या आत चिकटवली.
का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

सातशे अठ्ठेचाळीसाव्याला
माझ्या गुडघ्यानं हात टेकले.
हाउएल व्हॅन घेऊन आला,
सायकल बटाट्याच्या पोत्यांवर आडवी टाकली,
आणि लानवेर्नपर्यंत अख्खा रस्ता
बटाट्यावरच्या रोगाबद्दल बोलत राहिला.
गुडघ्याचं नाव काढलं नाही.
एवढं सौजन्य मी फार थोड्या माणसांत पाहिलंय.

हॉलमध्ये कुणीतरी हातात फडकं दिलं.
मी कप पुसायला लागलो.
खिडकीच्या या बाजूनं
आपण किती घाणेरडे दिसतो, बाप रे,
आणि किती लहान.

सगळ्यात शेवटी आली एक बाई, साठीची,
हँडलला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली.
अकरा मिनिटं उशीर.
टेगवेननं घड्याळ पाहिलं,
कार्डावर खरी वेळ लिहिली, शिक्का मारला.
अकरा मिनिटं! कुणाला कळलं असतं?
पण त्या बाईनं कार्ड वाचलं,
मान हलवली,
जणू तिचं काहीतरी तिला परत मिळालं होतं.
सूप दोन वाट्या प्यायली,
आणि हिशेबात नसलेले पुढचे सगळे किलोमीटर
चालवायला निघून गेली.
तिचे मोजे टेगवेननं ओव्हनच्या दांडीवर वाळवले होते;
तेवढ्यासाठी ती दारातून परत आली.

मग गाद्या गुंडाळल्या. बाहत्तर.
त्र्याहत्तरावीवर गुइलिम,
वही छातीवर, टॉर्च चालूच.
ईवोरनं खाकरून घेतलं.
हाउएल म्हणाला, व्हॅनमध्ये जागा आहे, पोराला उठवा.
टेगवेननं टॉर्च बंद केला,
एक चिकटपट्टी फाडली, गादीला लावली,
कोरीच.

वेळ नाही लिहिली? मी विचारलं.
ती किल्ल्या शोधत होती.
बिंगो बुधवारी आहे, म्हणाली.