जामीनदार क्रमांक दोन

पाचशेच्या स्टँपपेपरवर
माझं नाव पहिल्यांदाच अख्खं उमटलं:
बाबासो रामू पोवार, वय त्रेसष्ट,
धंदा सेवानिवृत्त.
निवृत्ती हा धंदा असतो
हे मला समाजकल्याणच्या टेबलावर कळलं.

कुरण्याच्या संघमित्राचा सख्खा मामा
आदल्या रात्री फोन बंद करून बसला.
बँकेत आहे तो. वाचता येतं त्याला.
मी सही केली, मग वाचलं:
सदरहू विद्यार्थिनीने अभ्यासक्रम अर्धवट सोडल्यास
संपूर्ण रक्कम व्याजासह जामीनदाराकडून
जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे...
जमीन कुठली अन् महसूल कुठला!
सदर बाजारात दोन खोल्या, वर पत्रा,
आणि केएमटीतली एकतीस वर्षं.

कुरणे उद्यमनगरात मोटारी रिवाइंड करतो.
तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता एवढंच म्हणाला,
"नाही म्हटलास तरी चहा घेऊन जा."
आता यावर माणूस नाही कसं म्हणणार?

शिष्यवृत्ती चालते कशी, ते मग बघितलं.
थांब्याथांब्यानं जाते ती.
दाखला तहसीलला, वैधता समितीला,
यादी पुण्याला, मंजुरी मुंबईला,
आणि पैसे कोषागारात.
तिथं बारा महिने मार्च असतो.
पारिशवाड मॅडम वाईट नाहीत.
टेबलं चार आणि बाई एक.
लीड्सच्या विद्यापीठाची मुदत शुक्रवारी रात्री बारा.
त्यांचे बारा की आपले बारा,
एवढं विचारायलासुद्धा त्यांना वर पत्र लिहावं लागलं.
उत्तर सोमवारी आलं.

जानेवारीत विमानभाड्याचं बिल परत.
शेरा: मूळ बोर्डिंग पास जोडलेला नाही.
पोरगी तिकडनं फोनवर, रडायच्या बेतात:
"काका, तो पुस्तकात खुणेला घातलेला,
आणि पुस्तक लायब्ररीत दिलं परत."
एकतीस वर्षं मी घसा फोडून हेच सांगितलं,
तिकीट उतरेपर्यंत जपा.
उतरल्यावर पण जपा, हे मलाच ठाऊक नव्हतं.
मॅडमना म्हटलं, पोचलीय हो ती,
विनातिकीट कोण समुद्र ओलांडतंय?
त्या हसल्या.
"ऑडिटला हसू जोडता येत नाही, पोवार."

तीन आठवड्यांनी पाकीट आलं.
आत पातळ कागद, शाई उडत चाललेली,
सीट बेचाळीस.
मी उजेडात धरून दोन्ही बाजू बघितल्या.
एवढं लांबचं तिकीट
आणि कुणी पंच केलेलं नाही.

मॅडमनी तो बिलाला लावला,
कडा जुळवल्या,
फाइलचं पंच मशीन दाबलं.
खट्ट.
माझा हात आपसूक खांद्यावर गेला,
जिथं पिशवीचा पट्टा असायचा.

बिल पुढं गेलं.
दुसरा हप्ता अजून आला नाही.
संघमित्रा रात्री कुठल्याशा हॉटेलात ताटं धुते,
बापाला सांगू नका म्हणाली.
मी सांगितलं नाही.
बाँडमध्ये तसं कलम नाही.