झारेकरी

सराफ्यातली शेवटची कढई रात्री दोनला उतरते,
झाऱ्यांचा खणखणाट थांबतो, आणि मग शकूर येतो,
मऊ कुंचा, पत्र्याचं सुपडं आणि एक गोणी घेऊन.
सोनारांच्या पायऱ्यांपुढची धूळ तो झाडून नेतो.
तिच्यात भुट्ट्याचा कीस, जिरावणाची पूड, राख, दोऱ्याची टोकं,
आणि कानशीखालून उडालेलं, डोळ्याला न दिसणारं सोनं.
आमच्या घरात त्याला झारेकरी म्हणतात, गल्ली न्यारिया म्हणते.

मी त्याच वेळी जागी असते, बोळातल्या वरच्या खोलीत.
आठवड्याची फाईल उतरत असते.
पाचशेहून जास्त किलोमीटर वर एक दुर्बीण
दीड तासात पृथ्वीभोवती फिरून येते.
आरसा नाही तिला, भिंग नाही;
हा प्रकाश वळत नाही कशानेच,
धातूच्या पत्र्यात शिरला की मोडतो
आणि मोडताना दोघांना मागे ठेवतो,
एक इलेक्ट्रॉन, एक त्याचा उलटा जुळा.
त्यांच्या रेघा धरून मागे मागे जायचं
आणि म्हणायचं, इथून कुठूनतरी आला असावा.

'कुठूनतरी'चं आमच्याकडे लंबवर्तुळ काढतात.

आईला एकदा यादी दाखवली होती.
विषुवांश, क्रांती, किती कण, केवढी ऊर्जा,
आणि शेवटचा रकाना: कोण.
स्पंदक. दूरची दीर्घिका. फुटलेल्या ताऱ्याचं कवच.
तिसरा हिस्सा रिकामा.
आई म्हणाली, शिरगणतीला जायचो तेव्हा आम्ही लिहायचो,
'दार बंद, आत दिवा चालू.'
तसं लिही की.

माझ्या वाट्याला आलेला तुकडा नेमका आकाशगंगेच्या पट्ट्यातला.
तिथे उगम शोधायचा म्हणजे
रंगपंचमीला राजवाड्यासमोर गेर आलेली असताना
गुलालाच्या ढगात
विडी पेटवणारा एक माणूस शोधायचा.
सगळं गुलाबी. पाण्याचे फवारे चौथ्या मजल्यापर्यंत.
म्हणून आधी गुलालाचाच नकाशा करतात,
वायू किती, कुठे दाट, त्याच्यावर काय येऊन आदळतं;
तो वजा करतात.
उरलं तर उरलं.

उरणाऱ्याला पंचवीस गुण लागतात.

मागच्या आवृत्तीत एक होता. सव्वीस पूर्णांक तीन.
मी पहिल्यांदा एकटीने काढलेला.
बारा वर्षांत तेरा कण.
चौथा आणि पाचवा एकाच रात्री आले होते,
मग तीन वर्षं कोणीच नाही.
यंदा दोन वर्षांची भर पडली, गुलालाचा नवा नकाशा आला,
आणि तो चोवीस पूर्णांक एकवर बसला.
मतकर सर सिमरोलहून फोनवर म्हणाले, गाळ.
बरोबरच आहे. नियमाचा तो परिच्छेद मीच लिहिलाय.

गाळला, आणि खाली उतरले.
शकूर गटाराच्या जाळीपाशी उकिडवा बसला होता.
म्हटलं, धुऊन उरते त्या मातीचं काय करता?
"फेंकते नी, बेनजी. बोरी बाँध के रख देते."
त्याच्या अब्बांनी धुतलेली माती
त्याने वीस वर्षांनी पुन्हा धुतली होती,
नवं तेजाब मिळायला लागलं तेव्हा.
दोन रत्ती निघालं. अब्बा तेव्हा नव्हते.
मग त्याने विचारलं, तुमचं काय भावाने जातं?
भाव नसतो, म्हटलं, नंबर असतो.
त्याने माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं
आणि कुंचा आपटला.

वर आले. ओळ खरं तर पुसलेली नव्हती,
तिच्यापुढे फक्त एक चिन्ह टाकलं होतं,
यंत्राने वाचू नये म्हणून.
तेराही कण तसेच, तारीखवार.
नवी फाईल उतरून झाली होती.
खाली कचऱ्याची पिवळी गाडी वळली, आपलं गाणं लावून,
ओला वेगळा, सुका वेगळा,
आणि शकूरने गोणी घाईघाईने
तिच्या वाटेतून बाजूला ओढली.