फ्रेम तीच

ओजस म्हणाला, काकू, काढून टाक तो डबा,
टचस्क्रीन बसवू, मागचा कॅमेराही दिसेल.
मागे मला काय बघायचंय?
बावीस वर्षं मी लोकांना विचारते आहे,
आता कसं दिसतंय? आणि आता?
आणि निम्मे तरी म्हणतात, फ्रेम तीच असू दे बाई,
काचा तेवढ्या बदला.

म्हणून गाडी नाट्याला नेली.
अठ्ठ्याण्णवची एस्टीम, डिकीत भिंगांची पेटी,
दारांच्या खालच्या कडा खाऱ्या वाऱ्यानं कुरतडलेल्या.
दिलावर होडेकर ट्रॉलरचे वायरलेस दुरुस्त करतो,
मासे दाखवणारी यंत्रंसुद्धा.
गाडीचं काम घेत नाही.
स्टिरिओची नारिंगी बटणं पेटलेली पाहिली
आणि चहा सांगितला.

बाहेर जाळी वाळत होती. त्या वासात
त्यानं चार स्क्रू करवंटीत ठेवले, झाकण उचललं.
आत वाळू.
मेलेल्या मुंग्यांची एक ओळ, शिस्तीत.
रबरी पट्टा वितळून गुळाची ढेप झालेला.
आणि चार आणे.
"हे कोणी टाकलं, बाय?"
फट दिसली की नाणं टाकायचं
एक वय असतं.
म्हटलं, असेल कोणी गिऱ्हाईक.

काडेपेटीएवढी चकती त्यानं डॅशबोर्डच्या पोटात दडवली.
फोनमधलं गाणं हवेतून तिच्यात उतरणार,
तिथून दोन वायरी, केसाएवढ्या,
थेट आवाजाच्या खुंटीच्या मुळाशी.
पण यंत्र जुन्या वळणाचं,
कॅसेट फिरत असल्याशिवाय तोंड उघडत नाही.
"मग फिरवू की," दिलावर म्हणाला,
"फीत वाचणाऱ्या डोक्याची वायर तेवढी तोडतो.
फिरेल, बोलणार नाय.
कुठली पण द्या, फरक पडत नाय."

मी पर्समधून काढून दिली.
लेबलावरची शाई केव्हाच उडालीय.
त्यानं वाचून बघितलं नाही.
नवा पट्टा चढवला.

पहिल्यांदा गाण्यात इंजिन शिरलं.
रेस वाढवली की तबल्याच्या मागून
एक चिलट वर वर चढायचं.
"अर्थिंग," म्हणाला, आणि पेडलपाशी उताणा शिरून
पत्र्यावरचा गंज पांढरं दिसेस्तोवर खरवडला,
तिथे वायर कसली.
चिलट गेलं.
पैसे मोजून घेताना म्हणाला,
एक बटण जास्तीचं बसवलंय, स्टिअरिंगच्या खाली.
हाताला लागेल, नजरेला नाही.
वर फोन. खाली कॅसेट.
"वायर तोडतो म्हणालास ना?"
"तोडली. टोकं बटणात आणून ठेवली."

आता फोन खिशातून गातो
आणि नारिंगी बटणं त्याचं श्रेय घेतात.
आवाज दारातल्या जुन्याच स्पीकरचा,
थोडा सर्दी झालेला. ओजसला आवडत नाही.

परवा पूल ओलांडून सड्यावर आले आणि रेंज गेली.
गाणं अंतऱ्यातच थांबलं.
कातळ, करवंदीची जाळी, ऊन.
आणि इतका वेळ गाण्याखाली झाकलेली
फितीची कुरकुर.
मग खट्.
आपली आपण बाजू बदलली तिनं.
म्हणजे पंचेचाळीस मिनिटं ती बोलत होती
आणि मी दुसरंच काही ऐकत होते.

बोट स्टिअरिंगखाली गेलं.
बटण थंड, कडेला जरा खडबडीत.

तेवढ्यात वळणावर म्हशी.
हॉर्न दिला. हलल्या नाहीत.
पुढच्या गावात शाळेच्या व्हरांड्यात
दहाला तपासणी, चार्ट अजून टांगायचा.
इंजिन जागच्या जागी थरथरत होतं
आणि ॲशट्रेमध्ये चार आणे
बारीक वाजत होते.