उजवी कड

मोज्यात गुंडाळून आणले होते तिनं सहा चमचे.
पुरुषी, राखाडी मोजा, टाचेला रफू.
व्हरमाँटमधल्या एका चर्चचं तळघर,
रांगेत पितळी दिवे, फुटके कंदील,
कुणाच्या तरी कडेवर भुसा भरलेलं घुबड.
आणि टेबलामागे मी,
चाळीस वर्षं घड्याळं उघडली,
आता महिन्यातून एक शनिवार चांदी वाचतो.

वाचतो, हाच शब्द.
चमचा पालथा घालायचा.
जेवणाऱ्याला त्याचं पोट दिसतं, मला पाठ.
दांडी जिथं निमुळती होते तिथं
दातेरी चौकट, चौकटीत नाव: ई. वॅडली.
शेजारी प्युअर, आणि मग कॉ.
पुढची अक्षरं कुणाच्या अंगठ्यानं खाल्लेली,
रोज थोडी थोडी, जेवणाबरोबर.

कॉइन. नाण्यांची चांदी, हजारात नऊशे.
स्पॅनिश डॉलर, फ्रेंच नाणी, गल्ल्यात पडेल ते
एका मुशीत.
राजाचं नाक आधी वितळलं की मुकुट,
कुणी लिहून ठेवलेलं नाही.

नावाच्या खाली तीन खुणा.
तारा, गरुडाची मान, एका माणसाची बाजूनं दिसणारी टाळू.
तिनं विचारलं, यांचा अर्थ?
काही नाही, म्हटलं.
विलायती चांदीवर असतात तशा,
म्हणून इथल्यांनीही ठोकल्या.
गिऱ्हाईक खूष, कारागीर खूष,
गरुडाचं काय जातंय.

लोरेना हॅडलॉक, वय एक्क्याऐंशी.
हे विहिरीत होते, ती म्हणाली.
इंग्रज शिपाई आले तेव्हा आमच्या मर्सी आजीनं,
म्हणजे पणजीच्या पणजीनं,
बादलीत घालून खाली सोडले.
सतराशे सत्त्याहत्तर.
साल असं सांगितलं, जशी स्वतःची जन्मतारीख.

मी दांडीकडे बघत राहिलो.
व्हायोलिनसारखे तिचे ते खांदे.
मर्सी विहिरीवर वाकली असेल तेव्हा
या खांद्यांचा चमचा इथं कुणी घडवत नव्हतं.
आणि वॅडली माझ्या वहीत आहे:
बर्लिंग्टनला दुकान, अठराशे चौतीस ते एक्केचाळीस.
मग दिवाळं. मग विम्याची एजन्सी.

कान सोनारानं टोचावेत म्हणतात.
मी तर घड्याळजी.
तरी टोचले.

ती बराच वेळ गप्प.
मागचा घुबडवाला खाकरला.
मग विहिरीत काय होतं? तिनं विचारलं.
पाणी, मी म्हटलं,
आणि म्हटल्याबरोबर जीभ चावली.

चमचे परत भरताना सहावा हातात राहिला.
उजव्या हाताचा माणूस खरवडतो वाडग्याचा तळ
तेव्हा टोकाची डावी कड झिजते.
पाच चमचे तसेच, शहाण्यासारखे.
सहावा उलटा.
उजवी कड गेलेली, चांगली पाव इंच,
खीर, दलिया, काय काय खरवडून,
तीस वर्षं तरी, एकाच हातानं.

डावखुरं कोण होतं तुमच्यात?

तिनं उत्तर दिलं नाही.
फॉर्मवर सही करत होती,
कागद तिरका, मनगट वर वळवलेलं,
शाईवर हात फिरू नये म्हणून
लहानपणीच शिकावं लागतं तसं.
शाळेतली पट्टी अजून आठवत असेल त्या बोटांना.

पेन खाली ठेवलं.
सहावा चमचा घेतला, त्याच हातात,
आणि माझ्या कॉफीच्या रिकाम्या कपात
एकदा फिरवला. पुन्हा एकदा.
कड तळाला सपाट बसली.
आवाजसुद्धा झाला नाही.

किमतीच्या रकान्यात मी लिहिलं होतं:
पाच चमचे, प्रत्येकी चाळीस.
सहावा झिजलेला, पंधरा.
ते तिनं वाचलं, मान हलवली,
पाच मोज्यात घातले
आणि पंधरा डॉलरचा चमचा कोटाच्या आतल्या खिशात.

पुढचा, मी म्हटलं.
घुबड टेबलावर आलं.