अंदाजपत्रक

अन्वर परकार आला तेव्हा दोन वाजले होते.
मीच सांगितलं होतं, सकाळी येऊ नकोस,
सकाळी हे घर खोटं बोलतं.

मागे बसलेल्या पोराच्या खांद्यावर शिडी,
खिशात ती करोनात कपाळावर रोखायचे तसली बंदूक.
कौलांवर आतून धरली: एक्कावन्न.
पश्चिमेच्या चिऱ्यावर: चव्वेचाळीस.
मग शालनवर धरून म्हणाला,
"काकी, तुम्ही तेवढ्या नॉर्मल."

मी चाळीस वर्षं हर्णैच्या बर्फ कारखान्यात.
गारवा कसा राखायचा ते मला कोणी शिकवू नये.
भुशात पुरायचा, वर ओलं गोणपाट,
कोणी दार उघडं टाकलं की शिवी.
लादी बंदरावर पोचेतो चौथा हिस्सा पाणी,
तो हिशेब मी डोळे मिटून करायचो.
पण तेव्हा थंडी आत होती, ऊन बाहेर.
इथे ऊनच आत राहायला आलंय.
खाटेवर बसतं, कळशीत उतरतं,
रात्री अकराला भिंतीला पाठ टेकली
तर भिंत दुपारचंच बोलते.

अन्वर बारा वर्षं कुवेतला,
डक्टवर काचलोकर गुंडाळायला.
बाहेर पन्नास, म्हणाला, आणि आत साहेब स्वेटर घालून.
काचलोकरीची खाज कोपरात किती दिवस राहते,
अमोनिया फुटला की आधी डोळे पळतात की पाय,
यावर आम्ही दोघं असे बोलत सुटलो
की शालननं दुसऱ्यांदा कोकम आणलं
तरी छपराचा विषय निघाला नव्हता.

मग वही.
कौलं उतरवणे, फुटतील ती आपली.
रिपा, वाळवी लागली असेल तेवढ्याच.
चंदेरी फॉइल दोन थर, मध्ये चार बोटं हवा
("हवेचे पैसे लावत नाही, काका").
खालून सिमेंटचा बोर्ड. मजुरी.
दापोलीहून टेम्पो, जाऊन येऊन.
मी चष्मा काढून पुसला, परत घातला.
बेरीज तीच.

"आधीपासून एवढं तापायचं?"

नाही. त्याला मागे नेलं, फणसाच्या बुंध्याशी.
निसर्ग वादळात तीन जूनला आडवा झाला,
पागोळीला चाटून पडला, एक कौल हललं नाही.
आम्ही एकमेकांना सांगितलं, वाचलो.
शेजारचे बघून गेले, तेही म्हणाले, वाचलात.
पुढचा एप्रिल आला
आणि पश्चिमेची खोली पहिल्यांदाच
चार वाजता उजेडानं भरली.
तेव्हा कळलं, तिथे इतकी वर्षं कोण उभं होतं,
ॲडव्हान्स न घेता.

अन्वरनं सवयीनं बुंध्यावर बंदूक धरली.
आकडा वाचला, मला दाखवला नाही.
वहीत एक ओळ लिहिली, ती खोडली.
"याचा रेट माझ्याकडे नाही.
पण एक आठळी पुरा, काका.
मी पैसे कमी करणार नाही, तरी पुरा."
म्हटलं, मी एकाहत्तर पूर्ण केली.
तो म्हणाला, "फॉइलची गॅरंटीसुद्धा दहाच वर्षं आहे."

वीस हजार दिले. पावतीचं पुस्तक घरी राहिलं होतं,
म्हणून विश्वासाला शिडी ठेवून गेला.
सोमवारी येतो म्हणाला.

आज गुरुवार.
दोन खुर्च्यांवर शिडी आडवी घालून,
वर जुनं लुगडं अंथरून
शालननं आमसुलं वाळत टाकलीत.
मी फोन करायला घेतला की हातानं थांबवते,
म्हणते, आणखी दोन उन्हं तरी
लागू देत.