पेला ठेवा

समितीला तीन लिप्यांचं एक अक्षर-कुटुंब हवं होतं:
अरबी, इंग्रजी, देवनागरी,
बिनशेपटीचं, बिनफुलोऱ्याचं,
हलक्यापासून ठळकपर्यंत सहा वजनं,
हिद्दच्या गोदीतल्या एकूणएक पाटीसाठी.
अरबी जलीलाने केली. इंग्रजी तयारच होती.
देवनागरी माझ्याकडे आली सर्वांत शेवटी,
रमजानला सतरा दिवस उरले असताना.

मी बोरूवर वाढलेले.
तिरका कापलेला टाक,
उतरताना जाड, वळताना बारीक.
ते जाड-बारीक काढून टाकलं की माझा क
मुंडण केलेल्या पोरासारखा दिसायचा,
ओळखीचा, पण नुसते कान.

मग पाण्याच्या हातगाडीवर ते दिसलं,
लोखंडी टाकीवर, रंगाच्या चार थरांखालून उठून आलेलं:
पाणी प्या पेला ठेवा
ब्रशने नाही. वेल्डिंगने.
विस्तवाचं टोक ओढत नेलेली रेघ
सुरुवातीपासून शेवटापर्यंत करंगळीएवढी,
कारण रॉडला तिरकं टोक नसतं
आणि वितळलेल्या लोखंडाला नखरे जमत नाहीत.
शिरोरेषा मात्र अखंड नव्हती.
जिथे काना येऊन तिला भेटतो
तिथे दरवेळी तिळाएवढी फट.

यासीन हमदुले, बाणकोटचे, इथे बावीस वर्षं.
जहाज किती बुडालं ते सांगणारे आकडे
त्याच्या पोटावर वेल्ड करतात.
फटीचं विचारलं तर हसले.
"सांध्यावर रस साचतो, बाई. अक्षर फुगतं.
म्हणून पोचायच्या आधीच हात उचलायचा."

आमच्या धंद्यात याला शाईचा सापळा म्हणतात.
मी त्यावर एका परिषदेत
चाळीस मिनिटं बोललेली आहे.

दहा रात्री मी तो उचललेला हात आखत बसले.
ठ चं पोट, ण च्या दोन दांड्या,
ध आणि घ लांबून ओळखू येईतो वेगळे केले
(धोका लिहिलेलं कुणी घोका वाचू नये),
ल देठाचा घेतला, आपल्याकडचा.

शुक्रवारी हमदुले बघायला आले, चष्मा पुसत.
"हे सगळे एकाचेच?"
एकाच सांगाड्याचे.
"आणि राहतात एकत्र?"
एकाच फाइलीत.
"बरंय. यांना पगाराची अट नाही."
फॅमिली व्हिसाची पायरी
त्यांच्या पगारापेक्षा कायम चार बोटं वर राहिली होती,
हे मला जलीलाने नंतर सांगितलं.

मग त्यांचं बोट एका नमुन्यावर थांबलं.
दुसर्या गोदीकडे
संगणकाने परस्पर रफार दिला होता,
आणि मी, दहा रात्रींची मी, तो पाहिलाच नव्हता.
"र डोक्यावर चढला तर दर्या.
पोटाशी राहिला तर दऱ्या.
आमच्या गावाला दोन्ही आहेत, बाई,
चुकून चालत नाही."
शंखजिऱ्याच्या खडूने माझ्या टेबलावर
पापणीएवढी एक रेघ ओढली,
आणि टोकाशी हात उचलला.

तो र मी तसाच ठेवला, सहाही वजनांत.

समितीने नाव दिलं मरासी, म्हणजे बंदरं.
पुस्तिकेत 'उगम' या मथळ्याखाली छापून आलं:
गोदीच्या औद्योगिक वारशातून प्रेरित.
मी त्यात हमदुल्यांचं नाव घालून पाठवलं, दोनदा.
दोनदा ते गळून परत आलं.
तेव्हा नमुन्याचं वाक्यच बदलून टाकलं.
समितीत कुणाला मराठी येत नाही.
आता हा फॉन्ट कुठेही उघडा,
कुठल्याही देशात, कुठल्याही वजनात,
आधी तेच उमटतं:
पाणी प्या पेला ठेवा

टाकी त्या उन्हाळ्यात भंगारात गेली.
पेला त्याआधीच
कुणीतरी नेला होता.