झोळीचे दोनशे ग्रॅम

निवतीच्या बंदरावर, उंडीच्या फांदीला
मी स्प्रिंगचा काटा अडकवायचे.
खाली झोळी, झोळीत परवाच जन्मलेलं कुणीतरी.
रडं थांबून सुई टेकेपर्यंत वाट बघायची,
मग आकड्यातून झोळीचे दोनशे ग्रॅम वजा.

सात गावं, तीन वर्षं, सहाशे बारा पोरं.
पुण्याचे डॉक्टर म्हणाले,
ही साठीला येतील तेव्हा खरं कळेल,
कुणाला साखर, कुणाचं काळीज.
मी बोटांवर मोजलं :
तेव्हा मी एक्याण्णव.

आता वजनकाटा डिजिटल, झाड तेच.
सोलकरांचा मुदस्सर मस्कतहून
कमरेचा घेर कळवतो, फोटोसकट,
टेपचा आकडा दिसेल असा.
समिधा मेतर दर फेरीला विचारते,
'बाय, माझो आकडो बरो आसा मां?'
जसा काही निकाल माझ्याच हातात.
प्रश्न एकोणीस : गेल्या आठवड्यात मासे किती वेळा?
'पेडवे मोजूचे, काय दिवस?'
आणि सगळी पडवी हसते.

तीनशे चाळीस. सर्वेश खवणेकर.
जन्मवजन एकोणीसशे, तांबड्या शाईत.
आठव्या वर्षी वर्गात सगळ्यांत उंच,
(डॉक्टरांनी दोनदा मोजायला लावला)
बाविसाव्या वर्षी ट्रॉलरवर.
ट्रॉलर आला नाही.
फॉर्मवर तीन कारणं : स्थलांतर, नकार, मृत्यू.
त्याची आई म्हणाली, 'येतलो तो. रकानो रिकामो ठेव.'
रिकामा रकाना संगणक घेत नाही.
मी 'संपर्क नाही' भरते,
नऊ वर्षं, तीन फेऱ्या,
आणि तरी टेप घेऊन जाते तिच्याकडे,
कारण यादीत घर आहे.

ती कोरा चहा देते, सोलकढीचं विचारते,
माझ्या गुडघ्यांचं विचारते, जे कुठल्याच फॉर्मवर नाहीत.
या खेपेला दारात थांबून म्हणाली,
'जल्माक इलो तेव्हा किती होतो गो तो?'

तीस वर्षांत एक आकडा चुकवला नाही मी.
रजिस्टर पिशवीतच होतं.
उघडलं नाही.

'एकवीसशे,' म्हटलं,
झोळीसकट.